शब्द एक, अर्थ अनेक : विज्ञान आणि वैद्यकातील ‘खार’ व ‘कॉर्न’



बेंगळूरु शहरात ‘स्क्विरल’ हा इंग्रजी शब्द एकाच दिवसात तीन ठिकाणी तीन अर्थांनी भेटू शकतो. लालबागेत ते झाडाच्या खोडावरून सरसर उतरणाऱ्या पट्टेदार खारीचे नाव असते. विद्युत अभियांत्रिकीच्या वर्गात ते मोटारीच्या फिरत्या भागाचे नाव होते. साथरोगांच्या अभ्यासकाच्या टिपणात हाच शब्द मलनाडच्या जंगलातील एका विषाणूला आश्रय देणाऱ्या प्राण्यांच्या यादीत येतो. ‘कॉर्न’ या शब्दाची व्याप्ती याहून मोठी आहे. रस्त्याच्या कडेला निखाऱ्यावर भाजले जाणारे मक्याचे कणीस, औषधाच्या दुकानात मिळणारी ‘कॉर्न कॅप’ नावाची पट्टी आणि इंग्लंडच्या इतिहासातील १८१५ चा ‘कॉर्न लॉ’ या तिन्ही ठिकाणी अक्षरे तीच आहेत, वस्तू मात्र तीन आहेत.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. परीक्षेत एका शब्दाचा अर्थ चुकला तर एक गुण जातो. रुग्णाच्या बाबतीत हीच चूक झाली तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते, आणि साथीच्या काळात ती झाली तर उपाय भलत्याच दिशेने केले जातात. म्हणून एखादी संज्ञा पाठ करण्यापूर्वी ती कोणत्या शास्त्राची, कोणत्या भाषेतून आलेली आणि नेमकी कोणत्या वस्तूला लावलेली आहे, हे तपासण्याची सवय लावून घेणे आवश्यक ठरते. ‘स्क्विरल’ आणि ‘कॉर्न’ हे दोन साधे शब्द या सवयीच्या अभ्यासासाठी फार उपयोगी आहेत.

मराठीतही तीच अडचण

एका शब्दाचे अनेक अर्थ ही इंग्रजीचीच खोड आहे असे समजण्याचे कारण नाही. मराठीत ‘खार’ म्हणजे झाडावर राहणारा एक कुरतडणारा प्राणी. ‘खार’ म्हणजे लोणच्यातील मिठाचे मसालेदार पाणीही. एखाद्यावर ‘खार खाणे’ म्हणजे मनात आकस धरणे. रामसेतूच्या लोककथेतून आलेला ‘खारीचा वाटा’ हा प्रयोग तर नम्रपणे सांगितलेल्या लहानशा मदतीसाठी रूढ झाला आहे. ‘कुरूप’ या शब्दाचीही तीच गोष्ट. एका अर्थी तो ‘दिसायला वाईट’ असे विशेषण आहे, तर दुसऱ्या अर्थी तळपायाला किंवा बोटाला होणाऱ्या टणक, दुखऱ्या गाठीचे नाव. इंग्रजी ‘कॉर्न’चा वैद्यकातील अर्थ नेमका हाच. बोलीभाषेत संदर्भामुळे घोटाळा होत नाही. लोणच्याच्या बरणीजवळ ‘खार’ म्हटले की कोणालाही प्राणी आठवत नाही. शास्त्रीय लेखनात मात्र वाचकाला संदर्भ आधीच ठाऊक असेल असे धरून चालता येत नाही.

प्राणिशास्त्रातील खार

प्राणिशास्त्रात खारींचे कुल ‘सायुरिडी’ या नावाने ओळखले जाते. हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ ‘शेपटीची सावली करणारा’ असा सांगितला जातो. या कुलात झाडावरील खारी, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारी आणि तथाकथित उडत्या खारी या सर्वांचा समावेश होतो. उडती खार प्रत्यक्षात उडत नाही. पुढील व मागील पायांमधील कातडीचा पडदा ताणून ती एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे तरंगत जाते. पक्षी किंवा वटवाघूळ यांच्याप्रमाणे पंखांच्या बळावर वर चढणे तिला जमत नाही.

भारतात घराच्या परसात दिसणाऱ्या खारीही एकाच प्रकारच्या नाहीत. बेंगळूरुसह दक्षिण भारतात सामान्यतः पाठीवर तीन पट्टे असलेली खार आढळते. तिचे शास्त्रीय नाव फुनॅम्ब्युलस पामेरम. उत्तर भारतात आणि कोरड्या प्रदेशात पाच पट्ट्यांची फुनॅम्ब्युलस पेनांटी आढळते. ‘फुनॅम्ब्युलस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ दोरावर चालणारा, म्हणजे आपल्याकडील डोंबारी. तारेवरून धावत जाणारी खार ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नाव लगेच पटेल.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरू हीदेखील खारच आहे. त्याचे शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका. भीमाशंकरच्या अभयारण्यामुळे ते मराठी विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. दक्षिणेत, कावेरी खोऱ्यातील काही जंगलांत, याच प्रजातीगटातील करड्या रंगाची मोठी खार राहते. तिचे नाव रॅटुफा मॅक्रोउरा. दोघींना इंग्रजीत ‘जायंट स्क्विरल’ म्हणतात. त्या स्वतंत्र जाती आहेत हे शास्त्रीय नावावरून स्पष्ट होते.

याउलट ‘स्क्विरल मंकी’ हा खार नसून दक्षिण व मध्य अमेरिकेतील एक लहान माकड आहे. २८ मे १९५९ रोजी अमेरिकेने अवकाशात पाठवून सुखरूप परत आणलेली ‘मिस बेकर’ ही याच जातीची माकडीण होती. वैद्यकीय संशोधनाच्या अहवालात ‘स्क्विरल मंकीवर प्रयोग’ असे वाचून कोणी ‘खारीवर प्रयोग’ असे भाषांतर केले, तर कृंतक प्राण्यावरील निष्कर्ष आणि मानवाच्या जवळच्या प्राण्यावरील निष्कर्ष यांतील मोठा फरक पुसला जाईल.

कारखान्यातील ‘खारीचा पिंजरा’

अभियांत्रिकीत ‘स्क्विरल केज’ म्हणजे शब्दशः खारीचा पिंजरा. यात प्राण्याचा संबंध केवळ उपमेपुरता आहे. युरोपात पाळीव खारींना व्यायामासाठी गोल, फिरता, दांड्यांचा पिंजरा देत असत. खार आत धावे आणि पिंजरा जागच्या जागी फिरे. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या प्रवर्तन मोटारीतील रोटरची रचना तशीच दिसते. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या दांड्या गोलाकार मांडलेल्या असतात आणि त्यांची दोन्ही टोके कड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात.

या पिंजऱ्याला बाहेरून वीज जोडावी लागत नाही, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. भोवतीच्या स्टेटरमध्ये तीन कलांचा प्रवाह सोडला की फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र दांड्यांना छेदत जाते तेव्हा प्रवर्तनाने त्यांच्यात प्रवाह उत्पन्न होतो आणि रोटर त्या क्षेत्राच्या मागे ओढला जातो. रोटर क्षेत्राच्या वेगाने फिरू लागला तर छेदनच थांबेल, म्हणून तो नेहमी किंचित मागे राहतो. या मागे राहण्याला ‘स्लिप’ म्हणतात. ५० हर्ट्झच्या प्रवाहावर चालणाऱ्या चार ध्रुवांच्या मोटारीत क्षेत्राचा वेग मिनिटाला १,५०० फेरे असतो. रोटर १,४४० फेरे करीत असेल तर स्लिप चार टक्के. फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व १८८८ मध्ये गॅलिलिओ फेरारिस व निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे मांडले आणि १८८९ मध्ये मिखाईल दोलिव्हो-दोब्रोवोल्स्की यांनी पिंजऱ्याच्या रोटरची मोटार तयार केली. ब्रश नाहीत, ठिणग्या कमी, देखभाल थोडी. त्यामुळे विहिरीवरच्या पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत ही मोटार सर्वत्र पोहोचली.

या संज्ञेचा बेंगळूरुशी जुना संबंध आहे. शिवसमुद्रमच्या जलविद्युत केंद्रातून आलेल्या विजेवर १९०५ मध्ये शहराच्या रस्त्यांवर दिवे लागले. भारतीय विज्ञान संस्थेने १९११ मध्ये विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यास प्रारंभ केला, तेव्हा पहिल्या मोजक्या विभागांत विद्युत तंत्रज्ञानाचा विभाग होता. १९४६ मध्ये किर्लोस्कर उद्योगसमूहाने याच शहरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन केली आणि येथे विजेच्या मोटारी तयार होऊ लागल्या. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याचा उद्योग किर्लोस्करवाडीहून हरिहर आणि बेंगळूरुपर्यंत पोहोचला, हा मराठी व कन्नड मुलखांच्या सामाईक औद्योगिक इतिहासाचा भाग आहे. या कारखान्यांतील कामगाराने ‘स्क्विरल केज’ म्हटले तर त्याच्या मनात दांड्या आणि कडी असतात, खार नसते. मराठी परिभाषेत ‘पिंजरा रोटर’ असे म्हटले जाते ते यासाठीच. उपमेतील उपयुक्त भाग, म्हणजे पिंजरा, ठेवला आणि गोंधळात टाकणारा भाग सोडून दिला. चांगल्या परिभाषेचे हे उत्तम उदाहरण आहे.

माकडतापातील खार

वैद्यकात खारीचा उल्लेख येतो तेव्हा प्रश्न गंभीर होतो. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसांना तीव्र ताप व रक्तस्रावाचा आजार होऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, या रोगाचा नवा विषाणू शोधून काढला. त्याला ‘क्यासनूर जंगल रोग’ हे नाव मिळाले. लोकांनी त्याला ‘माकडताप’ म्हटले.

हे दुसरे नाव सोपे असले तरी अर्धेच खरे आहे. माकड हे या रोगाचे ठळक बळी असते आणि मेलेले माकड ही धोक्याची पहिली सूचना असते. परंतु माणसाला रोग होतो तो प्रामुख्याने गोचिडीच्या चाव्याने. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीच्या गोचिडी विषाणूचे मुख्य वाहक आहेत. गोचिडीच्या लहान अवस्था जंगलातील उंदीर, चिचुंदरी, खार यांसारख्या छोट्या सस्तन प्राण्यांचे रक्त शोषतात आणि विषाणूचे चक्र गाजावाजा न होता चालू राहते. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात. म्हणून ‘माकडताप’ हे नाव ऐकून माकडांना हुसकावणे किंवा मारणे हा उपाय निरर्थक तर आहेच, शिवाय मेलेल्या माकडाला हात लावणे धोक्याचेही आहे.

रोगाचा हंगाम साधारणतः डिसेंबर ते मे असा असतो. लाकूडफाटा, पालापाचोळा आणि काजूची बाग यांसाठी जंगलात जाणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. रुग्णांपैकी शंभरात सुमारे तीन ते पाच जण दगावतात. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात या रोगाचे रुग्ण आढळले, तेव्हा तो केवळ कर्नाटकाचा प्रश्न नाही हे मराठी भाषकांच्या ध्यानात आले. बेंगळूरुच्या हेब्बाळ येथील पशुआरोग्य व पशुवैद्यकीय जैविक संस्थेत तयार होणारी लस अनेक वर्षे वापरात होती. तिची परिणामकारकता अपुरी ठरल्याने २०२२ नंतर तिचा वापर थांबला. त्यामुळे अंगभर कपडे, गोचीडरोधक तेल, जंगलातून परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि मेलेल्या माकडाची तत्काळ सूचना यांवरच भर देणे भाग आहे. या साऱ्या उपायांचा रोख माकडावर नसून गोचिडीवर आहे, हे लक्षात घ्यावे.

येथे ‘कोणती खार?’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. २०११ ते २०१३ या काळात जर्मनीत तीन खारपालकांचा मेंदूच्या दाहाने मृत्यू झाला. त्यामागील बोर्ना गटातील विषाणू २०१५ मध्ये ओळखला गेला, तो मध्य अमेरिकेतील रंगीत खारींत होता. २०१६ मध्ये ब्रिटिश बेटांवरील लाल खारींत कुष्ठरोगाचे जिवाणू आढळले. या दोन्ही जाती भारतीय परसातल्या खारीहून वेगळ्या आहेत. जातीचे नाव न देता ‘खारींपासून रोग’ असा मथळा छापणे म्हणजे विनाकारण भीती पसरवणे होय.

कॉर्न : धान्य की मका?

आता ‘कॉर्न’कडे वळणे योग्य होईल. जर्मानिक भाषांतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘दाणा’ असा आहे. ज्या प्रदेशात जे धान्य मुख्य, त्याला तेथे ‘कॉर्न’ म्हणत. इंग्लंडमध्ये ते सामान्यतः गहू, स्कॉटलंडमध्ये ओट. युरोपीय लोक अमेरिकेत गेले तेव्हा त्यांनी तेथील धान्याला ‘इंडियन कॉर्न’ म्हटले आणि पुढे ‘इंडियन’ हे विशेषण गळून केवळ ‘कॉर्न’ उरले. आजच्या अमेरिकी इंग्रजीत म्हणूनच कॉर्न म्हणजे मका. त्याचे शास्त्रीय नाव झिया मेज.

हा फरक माहीत नसेल तर इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत अनर्थ होतो. १८१५ मध्ये इंग्लंडने केलेले आणि १८४६ मध्ये रद्द झालेले ‘कॉर्न लॉज’ हे मुख्यतः गहू व इतर धान्यांच्या आयातीवरील निर्बंध होते. त्यांना मराठीत ‘धान्य कायदे’ असेच म्हणावयास हवे. ‘मक्याचे कायदे’ म्हटल्यास जमीनदार, गिरणीमालक आणि पावाची किंमत यांचा सारा संघर्षच अगम्य होतो. जुन्या मांस टिकवण्याच्या पद्धतीतील ‘कॉर्न्ड’ या विशेषणात तर धान्यही नाही; तेथे ‘कॉर्न’ म्हणजे मिठाचे जाड खडे. बंदुकीची दारू दाणेदार करण्यालाही ‘कॉर्निंग’ म्हणत.

कन्नड भाषेने हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली आहे. कन्नडमध्ये ज्वारीला ‘जोळ’ म्हणतात. बाहेरून आलेल्या मक्याला ‘मेक्केजोळ’ किंवा ‘मुसुकिन जोळ’ अशी नावे मिळाली. ‘मुसुकु’ म्हणजे बुरखा. पानांच्या बुरख्यात झाकलेली ज्वारी, असे हे नेमके वर्णन आहे. परक्या वस्तूला ओळखीच्या वस्तूच्या नावाने हाक मारायची आणि एका विशेषणाने फरक सांगायचा, ही जगभरची रीत आहे.

मक्याचा उगम मेक्सिकोत, टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी झाला. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेस पोहोचल्यानंतर तो जुन्या जगात आला. या कालक्रमाला आव्हान देणारा एक वाद म्हैसूर जिल्ह्यातील सोमनाथपूरच्या मंदिरावरून झाला. तेराव्या शतकातील या होयसळ मंदिरात काही मूर्तींच्या हातांत कणसासारखी दिसणारी वस्तू कोरलेली आहे. १९८९ मध्ये कार्ल योहानेसन व ॲन पार्कर यांनी ती मक्याची कणसे असल्याचे मत मांडले. भारतीय मका-शास्त्रज्ञ एम. एम. पायक आणि जे. के. एस. सचान यांनी ते अमान्य केले. मूर्तींच्या हातातील वस्तू मोत्यांनी मढवलेले ‘मुक्ताफळ’ असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दाण्यांच्या ओळी दिसल्या म्हणून मका ठरत नाही, त्यासाठी त्या काळातील दाणे, परागकण किंवा लिखित उल्लेख यांचा आधार हवा, हा शास्त्रीय पद्धतीचा धडा येथे मिळतो. बेलूर, हळेबीड व सोमनाथपूर येथील होयसळ मंदिरे २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली, हेही परीक्षार्थींनी नोंदवून ठेवावे.

वैद्यकातील मका

मका युरोपात पोहोचला, पण तो शिजवण्याची अमेरिकी रीत मागे राहिली. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत. त्यामुळे दाण्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला उपलब्ध होई. ही रीत न शिकता मक्यावरच जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना त्वचा काळवंडणे, जुलाब आणि बुद्धिभ्रंश ही लक्षणे असलेला पेलाग्रा हा रोग झाला. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या अभ्यासांतून हा संसर्ग नसून आहारातील उणीव असल्याचे दाखवले. १९३७ मध्ये नायसिनचा उलगडा झाला.

भारतात दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा दिसत होता. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. मका ही ‘बुरख्यातील ज्वारी’ खरी, पण दोन्ही धान्यांतून एकच रोग होण्याचा जैवरासायनिक मार्ग मात्र वेगळा सुचवला गेला. सारखे नाव हा सारख्या कारणाचा पुरावा होत नाही. मक्यातील प्रथिनांचा दर्जा सुधारण्याच्या कामासाठी भारतीय शास्त्रज्ञ सुरिंदर वसल आणि मेक्सिकोच्या इव्हँजेलिना व्हिलेगास यांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मक्याने वैद्यकाला दिलेही पुष्कळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील पिओरिया येथे, मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्याचा उपयोग बुरशीच्या वाढीसाठी केल्यावर पेनिसिलिनचे उत्पादन अनेक पटींनी वाढले. औषधी गोळ्यांत मक्याचे स्टार्च बांधणीसाठी वापरले जाते. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील रंगांच्या ठिपक्यांवरून गुणसूत्रांत जागा बदलणारी जनुके शोधली आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणूंतील अशाच फिरत्या जनुकांमुळे प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण पसरतो, हे आज वैद्यकाला ठाऊक आहे.

पायाचे कॉर्न

पायाच्या ‘कॉर्न’चा मक्याशी काहीही संबंध नाही. हा शब्द लॅटिन ‘कॉर्नू’, म्हणजे शिंग, यापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. डोळ्याच्या ‘कॉर्निया’चे आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या ‘स्ट्रॅटम कॉर्नियम’ या थराचे मूळही तेच. दोन वेगळ्या कुळांतील शब्द कालांतराने एकाच उच्चारात येऊन मिळाले, इतकेच.

कुरूप म्हणजे वारंवार पडणारा दाब आणि घर्षण यांमुळे त्वचेच्या शृंगी थराची झालेली टणक वाढ. तिचा निमुळता गाभा आत रुततो म्हणून ती चालताना टोचते. पसरट, गाभा नसलेल्या जाड त्वचेला घट्टा म्हणतात. कुरूप हा संसर्ग नाही. याउलट तळपायाचा चामखीळ विषाणूमुळे होतो आणि पसरू शकतो. सरळ दाबल्यावर कुरूप दुखते, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर अधिक दुखतो आणि त्यात काळे ठिपके दिसू शकतात. काटा मोडून आत राहिल्यानेच कुरूप होते, ही समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष घट्ट किंवा झिजलेल्या पादत्राणाचा असतो. दाब तसाच राहिला तर कापून काढलेले कुरूप पुन्हा होते.

औषधाच्या दुकानातील ‘कॉर्न कॅप’मध्ये सॅलिसिलिक आम्ल असते. ते केराटिनयुक्त कडक त्वचा मऊ करून सोलून काढते. निरोगी माणसाला याचा उपयोग होतो. मधुमेही व्यक्तीला मात्र त्यातून मोठा धोका संभवतो. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते आणि रक्तपुरवठा कमी होतो. आम्लाने निरोगी त्वचा भाजली तरी वेदना जाणवत नाही. जखम होते, चिघळते आणि काही वेळा बोट किंवा पाय कापावा लागतो. घरी ब्लेडने कुरूप कोरणे त्याहून घातक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. एवढ्या लोकांच्या बाबतीत ‘साधे कुरूप’ हा शब्दप्रयोग सावधपणेच करावयास हवा. रोज पाय पाहणे, अनवाणी न चालणे, मऊ तळव्याचे योग्य मापाचे पादत्राण वापरणे आणि कुरूप झाल्यास डॉक्टरांनाच दाखवणे, एवढ्याने अनेक पाय वाचू शकतात.

दोन्ही शब्द, पण दोन्ही वस्तू नाहीत

या चर्चेला शोभेल असे एक नाव वनस्पतिशास्त्रात आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलांत ‘स्क्विरल कॉर्न’ नावाची एक लहान वनस्पती उगवते. ती खारही नाही आणि मकाही नाही. तिचे शास्त्रीय नाव डायसेंट्रा कॅनडेन्सिस. ती अफूच्या कुलात मोडते. जमिनीखालील तिचे पिवळे कंद मक्याच्या दाण्यांसारखे दिसतात, म्हणून हे नाव. त्यात विषारी अल्कलॉइडे असतात आणि ती खाल्ल्याने गुरांना विषबाधा होऊ शकते. नावावरून ती खाण्यायोग्य ठरवणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वनौषधींच्या बाबतीत स्थानिक नावावर विसंबून केलेली खरेदी याच कारणाने फसते.

परिभाषेचे मोल

१७५३ मध्ये वनस्पतींसाठी आणि १७५८ मध्ये प्राण्यांसाठी लिनिअसने द्विनाम पद्धती रूढ केली, तिच्यामागे हाच विचार होता. एका जातीला जगभर एकच नाव असावे. भारतात महाराष्ट्राचे भाषा संचालनालय १९६० मध्ये आणि केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये स्थापन झाला. या संस्थांनी घडवलेल्या शब्दांपैकी काही रुजले, काही कठीण म्हणून बाजूला पडले. परंतु मातृभाषेतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला नेमका शब्द मिळणे ही शिक्षणातील समान संधीची बाब आहे. ज्याला ‘कॉर्न लॉ’ म्हणजे मक्याचा कायदा असे शिकवले गेले, तो बुद्धीने कमी नसतो. त्याच्या हाती चुकीचा शब्द दिलेला असतो.

यासाठी विद्यार्थ्यांनी कोणत्याही संज्ञेला चार प्रश्न विचारावेत. ही संज्ञा कोणत्या शास्त्राची आहे? ती कोणत्या भाषेतून व कोणत्या काळात आली? तिच्यामागे व्याख्या, शास्त्रीय नाव किंवा मोजता येणारे लक्षण आहे काय? आणि तिचा अर्थ चुकल्यास कोणाचे नुकसान होईल? पहिले तीन प्रश्न परीक्षेत गुण मिळवून देतील. चौथा प्रश्न प्रशासनात गेल्यावर उपयोगी पडेल. उद्या याच विद्यार्थ्यांपैकी कोणी तालुक्याचा अधिकारी म्हणून माकडतापाविषयीचे परिपत्रक काढील, कोणी आरोग्य केंद्रासाठी मधुमेहींच्या पायांच्या काळजीचे पत्रक लिहील. त्या कागदावर ‘माकडे हटवा’ असे लिहिले जाते की ‘गोचिडीपासून जपा’, ‘कॉर्न कॅप लावा’ असे लिहिले जाते की ‘डॉक्टरांना पाय दाखवा’, यावर जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आणि दूरच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाचे आरोग्य अवलंबून असेल.